बोरस्ते सरांचं नाक

बोरस्ते सर कुणाला नमस्कार करत नसत. समोर माणूस आला की म्हणत, “हा कर.” त्यानं तोंड उघडून श्वास सोडायचा, सर नाक पुढे करून तो हुंगणार, क्षणभर त्याच्या डोळ्यांत बघणार आणि मग “पास” तरी म्हणणार किंवा “चल घरी” तरी. पंचवटीतल्या आमच्या शाळेत ते खेळाचे शिक्षक होते आणि मी विज्ञानाची बाई. मैदानावर पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक पोराची सकाळ या परीक्षेनं सुरू व्हायची.

ते दिवस गुटख्याचे होते. प्रत्येक टपरीवर पुड्यांच्या माळा लोंबत असत आणि आठवीतली पोरंही खिशात पुडी बाळगत. सरांनी मैदानाच्या भिंतीवर तैलरंगात नियम रंगवून घेतले होते. बिडी, सिगारेट, गुटखा, खैनी बंद. दारू बंद. महाशिवरात्रीला भांग बंद, मग देवाचा प्रसाद म्हणून दिली तरी. सरांना विचारल्याशिवाय खोकल्याचं औषध बंद. पुढे गल्लोगल्ली व्यायामशाळा निघाल्या तेव्हा ‘पावडर बंद’ अशी एक ओळ वाढली. एका पोराकडून जप्त केलेला पावडरचा डबा सरांनी शाळेच्या जास्वंदीला घातला. जास्वंद वाळली. ती पावडरीनं वाळली की उन्हाळ्याच्या सुट्टीत कुणी पाणी घातलं नाही म्हणून, हे मला विज्ञान शिकवूनही ठरवता आलं नाही. सरांनी मात्र ती काडी वर्षभर पुरावा म्हणून दाखवली.

नियमाला त्यांच्याकडे अपवाद नव्हता. “बाई, मैदानावरची फक्कीची रेषा काका-मामा ओळखत नाही,” असं ते मला दर दोन दिवसांनी ऐकवत. एकदा क्रीडादिनाला एक स्थानिक पुढारी पाहुणे म्हणून आले, गालात ऐवज भरून. शर्यतीला झेंडा दाखवायला ते रेषेपाशी गेले, तर सर आडवे. “साहेब, हा करा.” आमच्या मुख्याध्यापकांना घाम फुटला. पुढाऱ्यांनी इकडेतिकडे बघितलं, शामियान्यामागे जाऊन गाल रिकामा केला, चूळ भरली आणि परत येऊन शाळकरी पोरासारखा हा केला. एका माजी विद्यार्थ्याच्या लग्नात तर सर अहेराचं पाकीट घेऊन स्टेजवर चढले आणि मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवालाच म्हणाले, “आधी हा कर.” नवरी हसू दाबता दाबता बेजार झाली.

त्यांची दुसरी सवय मला रोज भोगावी लागे. मधल्या सुट्टीत ते डबा उघडून आधी माझ्यापुढे सरकवत. “साळवेबाई, जरा वास घ्या.” पत्नी गेल्यापासून ते एकटेच राहत आणि हातानं रांधत. मी भाजीचा वास घेऊन बरी आहे म्हटलं की मगच ते पहिला घास घेत. एवढं तिखट नाक असलेल्या माणसाला स्वतःच्या भाजीचा भरवसा नसावा, याची स्टाफरूममध्ये भरपूर चेष्टा व्हायची. त्यात मीच पुढे असे.

मंगल नववीत आली त्या वर्षी सरांच्या चालण्यातच फरक पडला. ती गिरणारे गावची, भाजीवाल्यांची पोर. पहाटे बापाच्या टेम्पोत कोथिंबिरीच्या जुड्यांवर बसून यायची आणि बाजार उरकेपर्यंत मैदानावर पळायची. पळायची म्हणजे काय, दीड हजार मीटर संपले तरी तिला थांबवावं लागे. विभागीय स्पर्धेत पहिल्या तिघींत आली तर सरकारी खर्चानं क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती. नाही आली तर शाळा पुरे, असं बापानं सरांना तोंडावर सांगितलं होतं. पोरीला सगळं ठाऊक होतं.

स्पर्धा धुळ्याला होती. निघायच्या सकाळी सरांनी सगळ्यांना बसपाशी रांगेत उभं केलं. अडथळ्यांच्या शर्यतीतला आमचा भरवशाचा मुलगा हा करताना नजर चुकवून मागे सरकला. “चल घरी.” तो रडला, त्याची आई रडली, सर हलले नाहीत. मग मंगल आली. तिनं थेट त्यांच्याकडे बघत मोठा हा केला. मुलींची जबाबदारी माझ्याकडे होती म्हणून मी शेजारीच उभी होते, आणि माझ्या नाकात भाजलेल्या तंबाखूचा भपकारा शिरला. सर म्हणाले, “पास.”

मला संताप आला. लाडक्या खेळाडूसाठी रेषेनं काका-मामा ओळखले होते तर! पिंपळगाव बसवंतला बस चहाला थांबली तेव्हा मी सरांना बाजूला घेतलं आणि स्पष्ट विचारलं, की मिसरीचा एवढा वास येत असताना तुम्ही तिला सोडलंत कसं.

सरांनी कप खाली ठेवला. “आला तुम्हाला वास?” त्यांनी विचारलं. मग रस्त्यावरच्या द्राक्षांच्या टेम्पोंकडे बघत ते म्हणाले, “मला कसलाच वास येत नाही, बाई. कबड्डी खेळायचो तेव्हा आमच्या कप्तानानं सांगितलं, तपकीर ओढली की दम वाढतो. वर्षानुवर्षं ओढली. दम वाढला नाही, नाक तेवढं गेलं.”

हुंगणं हे नुसतं नाटक होतं. सर बघायचे ते डोळे. ज्यानं काही खाल्लं असेल तो नजर चुकवतोच, आणि मंगलनं चुकवली नव्हती. त्यांनी तिला हाक मारली आणि सकाळी दाताला काय लावलंस म्हणून विचारलं.

“मिसरी, सर. दाढ लय ठणकत व्हती. आजी म्हनली, मिसरी लाव.”

“मिसरी कशाची करतात?”

“पानं भाजून...” ती बोलता बोलता थांबली. घरातल्या सगळ्या बायका जिनं दात घासतात ती तंबाखूच आहे, हे त्या पोरीच्या तेव्हा पहिल्यांदा ध्यानात आलं. तिचा चेहरा उतरला. ती बसमध्ये गेली आणि पिशवी घेऊन खाली आली. “सर, नाशिकची गाडी कुठं लागती? नियम हाय ना.”

मी काही बोलणार तोच सरांनी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली.

“भिंतीवर काय काय लिहिलंय ते पाठ आहे ना तुझं? त्यात मिसरी आहे?”

“नाय.”

“मग जे तुला कुणी सांगितलंच नाही, ते तू मोडलंस कसं? तो मुलगा घरी गेला, त्याला सांगितलेलं होतं. तुला मी सांगितलं नाही. आता सांगतोय. मिसरी बंद. जा, चूळ भर.”

मंगल धुळ्याला दुसरी आली. परतल्यावर सरांनी स्वतः ब्रश घेऊन भिंतीवर ‘मिसरी’ लिहिलं, मग पायजम्यावर रंगाचे डाग तसेच ठेवून गिरणाऱ्याला गेले आणि तिच्या आजीला दंतमंजनाची डबी देऊन आले. आजीनं त्यांना काय काय ऐकवलं, ते त्यांनी मला कधीच नीट सांगितलं नाही. मी मात्र त्यानंतर त्यांच्या डब्याची चेष्टा केली नाही. रोज न मागता वास घेत राहिले.

सर निवृत्त झाले आणि पुढे माझी बदली सिन्नरला झाली. मंगल आता स्वतः एका शाळेत खेळ शिकवते. परवा आम्ही दोघी ठरवून सरांकडे गेलो. सरांनी दार उघडलं. मंगल उंबऱ्याबाहेरच थांबली आणि कुणी न सांगता तिनं मोठा हा केला. सरांनी वाकून तो अगदी गंभीरपणे हुंगला. त्या नाकापर्यंत काही पोचत नाही हे एव्हाना आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

“पास,” सर म्हणाले. “या.”

मंगल सरळ स्वयंपाकघरात गेली. झाकणं काढल्याचे आवाज आले, आणि मग ती पातेलं हातात घेऊनच बाहेर आली.

“सर, दुधाला वास मारतोय. कधीपासून पिताय हे?”

सरांनी पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“कालपासून असेल,” ते म्हणाले. “मला कुणी सांगितलंच नाही.”