बाहीला खळ, गुडघ्याला पाणी

नाथाच्या हातची खळ साऱ्या आष्टीत नावाजलेली. पुढाऱ्याचा सदरा त्याच्या लाँड्रीतून निघाला की दिवसभर वाकायचा नाही. पुढारीही फारसे वाकत नाहीत म्हणा, पण ते जाऊ द्या. गावचे मोठे पुढारी अमरसिंह आबा, त्यांचा पायजमा तर नाथानं एकदा टेबलावर नुसता उभा करून दाखवला होता आणि बघायला चहावाल्यापासून सगळे जमले होते. असा हा माणूस चव्वेचाळिसाव्या वर्षी कमरेला पांढरा पट्टा बांधून चिल्ल्यापिल्ल्यांच्या रांगेत उभा राहिला, त्याला कारण त्याची लेक अंजू.

अंजू सहावीत. भागवत सरांच्या तायक्वांदोच्या क्लासात तिला पिवळा पट्टा मिळालेला, आता हिरव्याची परीक्षा. क्लास भरायचा मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये. लग्न असलं की क्लासाला सुट्टी. परीक्षक यायचे बीडहून, आणि दहा उमेदवार असल्याशिवाय ते आष्टीला येत नसत. क्लासात पोरं नऊ. दोनदा ठरलेली परीक्षा त्यापायी रद्द झाली होती. तिसऱ्यांदा तारीख पडली तेव्हा अंजूनं बापापुढं येऊन सांगितलं, "पप्पा, दहावे तुमी व्हा. नुसतं लाथ-बुक्की करून दाखवायची. पास नका होऊ, चालतंय."

झालं. नाथा तीन आठवडे संध्याकाळी इस्त्री थंड करून क्लासला जाऊ लागला. तिथला नियम असा की लहान पट्ट्यानं मोठ्या पट्ट्याला वाकून नमस्कार करायचा. म्हणजे बाप रोज लेकीपुढं वाकायचा आणि लेक मान तुकवून तो घ्यायची. बाजारात ही बातमी पोचायला किती वेळ लागतोय! गिऱ्हाइकं कपडे टाकायला यायची ती आधी वाकूनच. नाथा हसण्यावारी न्यायचा.

अंजूला मात्र बापाची एकच गोष्ट सोसत नसे. इस्त्री करताना नाथा तोंडात पाणी भरून कपड्यावर फवारायचा. मैत्रिणींनी एकदा पाहिलं आणि शाळेत तिला तोंड दाखवायची चोरी झाली. तिनं खाऊच्या पैशातून फवाऱ्याची बाटली आणून दिली आणि बजावलं, की आमच्या मैत्रिणींच्या घरचे कपडे तरी थुंकून इस्तरी करू नका. "थुकतोय कुठं गं, फवारतोय," असं नाथा म्हणाला खरा, पण त्या दिवसापासून ती भरलेली बाटली वापराविना त्याच्या पिशवीतच पडून राहिली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी नाथानं पोरांचे ड्रेस पाहिले आणि त्याचा जीव तळमळला. पांढरे म्हणायचे ते ड्रेस, पण लोळागोळा झालेले. बीडचा माणूस येणार आणि आष्टीची पोरं ह्या अवतारात त्याच्यापुढं उभी राहणार? त्यानं दहाच्या दहा ड्रेस गोळा केले. भागवत सरांनी आभार मानले. घरी साबुदाण्याची खळ रटरटायला लागली तशी बायको साखराबाई पातेल्यात डोकावून म्हणाली, "ओ, ह्यांना लाथा मारायच्यात. सभा न्हाई घ्यायची." नाथानं पातेल्यात आणखी दोन मुठी साबुदाणा टाकला.

सकाळी हॉलमध्ये दहा ड्रेस परीटघडीत मांडून ठेवले होते. भागवत सर बघतच राहिले. मग पोरं अंगात घालायला गेली. बाह्या चिकटलेल्या, आत हात घालून त्या सोडवाव्या लागल्या. सगळ्यात लहान स्वप्नाली, पहिलीतली, बूट काढायला खाली बसू गेली ती बसलीच नाही, तशीच आडवी झाली. दोघांनी तिला धरून उभं केलं. अंजूनं गुडघा उचलून पाहिला. वीतभर उचलला गेला आणि तिथंच थांबला.

भागवत सर नाथाजवळ आले. आवाज चढवला असता तर बरं, पण ते हळूच म्हणाले, "नाथाभाऊ, लाथ कमरेच्या वर जावी लागती. आज परीक्षा गेली तर मी परत तारीख मागायला तोंड न्हाई दाखवू शकत." बाहेर परीक्षकांची गाडी वळून फाटकात शिरत होती. अंजूनं पुन्हा एकदा गुडघा उचलून बघितला, मग बापाकडं बघितलं, आणि तेच नाथाला जास्त लागलं. ह्या पोरीचा हिरवा पट्टा आपण आपल्या हातानं पातेल्यात शिजवला, हे त्याच्या ध्यानात आलं.

ड्रेस भिजवावेत तर पाणी नाही. आज लग्न नव्हतं म्हणून टँकर नव्हता, आणि टँकर नव्हता म्हणून टाकी कोरडी. नाथानं पिशवीतली फवाऱ्याची बाटली काढली आणि आपला ड्रेस न घालताच गुडघ्यावर बसला. कापड कुठं मोडतं हे त्याला सांगायला नको. एकेका पोराच्या गुडघ्याला दोन फवारे, जांघेत एक, वर तळहातानं चोळायचं. नववी अंजू झाली आणि बाटली फुसफुसली. बाह्या तशाच राहिल्या. त्याच्या स्वतःच्या ड्रेसचे गुडघेही; तो तसाच कडक अंगात चढवून नाथा रांगेत उभा राहिला.

परीक्षक विजयसिंह सर दोन दिवसांत तीन गावच्या परीक्षा उरकून आले होते. खुर्चीत बसताच डोळे जड झाले. त्यांनी यादी वाचली आणि जांभई देत नियम सांगितला, की प्रत्येकानं प्रत्येक प्रकार करायचा. जो सोडेल त्याचं नाव कटेल. आणि नाव कटलं म्हणजे यादीत नऊ उरले, हे सांगायची गरज नव्हती.

पहिला ठोसा दहा जणांनी एकदम मारला. फट्!

दहा कडक बाह्यांचा मिळून एकच आवाज झाला. पंख्यावरचं कबुतर उडालं. विजयसिंह सर खुर्चीत ताठ झाले.

"परत," ते म्हणाले.

फट्!

त्यांनी पेन खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा मारायला सांगितलं.  पुढं एकेकाच्या लाथा झाल्या. स्वप्नालीची लाथ स्वतःच्या नाकापर्यंत गेली. अंजूनं अशी हाणली की भागवत सरांच्या हातातलं पॅड निसटून भिंतीवर आदळलं.

शेवटी नाथा. संधी तीन. त्यानं पाय उचलला, पण गुडघा मोडेचना; पाय सरळ थोडा वर आला आणि नाथा मागं झोकांडला. दुसऱ्यांदाही तेच. पोरांनी ओठ दाबून धरले. परीक्षकांनी पेन उचलून यादीत दहावं नाव शोधलं. नाथाच्या कपाळाला घाम फुटला, पण घामानं खळ मोडत नाही.

तेवढ्यात अंजू रांग मोडून निघाली. परीक्षेत रांग मोडत नसतात. तिनं आपल्या दप्तराशेजारची पाण्याची बाटली उचलली, तळातले दोन घोट तोंडात भरले आणि सगळ्यांसमोर बापाच्या पायाशी गुडघे टेकून बसली. फुर्रर्र. डावा गुडघा. फुर्रर्र. उजवा. बारीक, सारखा फवारा. एक थेंब जमिनीवर नाही. तळव्यानं चोळलं, तोंड पुसलं आणि जागेवर जाऊन ताठ उभी राहिली.  ज्या पोरीला ह्याच फवाऱ्याची लाज वाटायची, तिनं बीडच्या साहेबापुढं तो मारला होता.

मग त्यानं लाथ मारली. ओरडला तर असा की कार्यालयाचा रखवालदार आत डोकावला. गुडघा मोडला, पाय सुटला, पोटरीवरचं कडक कापड फाडकन वाजलं आणि पॅडसकट भागवत सर तीन पावलं मागं गेले.

दहाच्या दहा पास. अंजूला हिरवा पट्टा, नाथाला पिवळा. निघताना विजयसिंह सरांनी नाथाला बाजूला घेतलं. आता रागावणार, असं वाटून तो हात जोडायच्या बेतात होता. सरांनी गाडीतून स्वतःचा ड्रेस काढून त्याच्या हातात दिला. "बाह्या अशाच पाहिजेत," ते खालच्या आवाजात म्हणाले. "गुडघ्याचं तेवढं बघा."

बापलेक चालत घरी निघाले. मग नाथानं विचारलं, "इतका बारीक फवारा कधी शिकलीस गं?"

"लहानपणापासून बघतेच की."

"मग रविवारी दुकानावर येते का? साहेबाचा ड्रेस तुझ्याच हातनं करू."

अंजूनं नवा पट्टा खांद्यावर सारखा केला. "येते," ती म्हणाली. "पण हिरवा पट्टा मोठा असतो, पप्पा. दुकानात बी आधी तुमीच वाकायचं."

नाथा भर रस्त्यात, अमरसिंह आबांच्या बंगल्यासमोर, तिथल्या तिथं वाकला.