धोकाकाका घसरगुंडीत

रविवारी भर दुपारी धोकाकाका घसरगुंडीच्या नळीत अडकले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर हेल्मेट होतं, कोपरांना आणि गुडघ्यांना जाडजूड पट्टे होते आणि खिशात मलमपट्टीचं सामान होतं. एवढ्या बंदोबस्तात अडकलेला माणूस कुणी पाहिला नसेल. खरं म्हणजे त्या बंदोबस्तामुळेच ते अडकले होते.

धोकाकाका हे नाव मुलांनी ठेवलेलं. विमा कंपनीत अपघाती मृत्यूचे दावे तपासण्यात काकांची हयात गेली. चारचौघांना झोपाळा दिसतो तिथं त्यांना तुटलेली साखळी दिसायची, आणि साखळीखाली कोण पडलंय तेही दिसायचं. इमारतीच्या कमिटीचे सेक्रेटरी झाल्यावर त्यांनी आवारातलं मैदान मनावर घेतलं. तळमजल्यावरच्या पोराचा सी-सॉवर दात पडला. दात दुधाचा होता, दोन दिवसांनी पडणारच होता. पण सी-सॉ उखडला गेला. मग झोपाळ्यांच्या साखळ्या निघाल्या. मग वाळू गेली. झाडाची खालची फांदी छाटली, कारण तिच्यावर चढता यायचं. उरली बंद नळीची घसरगुंडी, तर तिच्या दोन्ही तोंडांना फळ्या ठोकल्या, फाटकाला कुलूप लावलं आणि पाटी टांगली. मैदान इतकं सुरक्षित झालं, की तिथं गवतही उगवायला कचरू लागलं.

काकांची एकुलती एक लेक दिवस मावळेपर्यंत त्याच मैदानात असायची. मैदान मिटलं तशा मैत्रिणी पांगल्या आणि ती खोलीत गेली. आधी नुसती संध्याकाळची, मग सुट्टीची, मग शाळाही सुटली. पडदे ओढलेले, दार लावलेलं. "भूक नाही" आणि "झोपू दे", एवढीच भाषा शिल्लक राहिली.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, "खिडकीला गज बसवून घ्या. आणि तिला बाहेर आणा. मोकळ्या हवेत, माणसांत."

पहिल्या वाक्याचा अर्थ काकांना समजावून सांगावा लागला नाही. तसल्या फायली त्यांनी पुष्कळ हाताळल्या होत्या. गज त्याच दिवशी बसले. दुसऱ्या वाक्यापाशी मात्र ते अडले. बाहेर आणायचं, पण कुठं? बाहेरच्या कुलपाची किल्ली त्यांच्याच खिशात होती.

देव माणसाला जागं करतो तो प्रत्येक वेळी हाक मारूनच असं नाही; कधी टपलीही मारतो. त्या रविवारी काकांनी कुलूप काढलं, फळ्या उचकटल्या.

"आधी मी जाऊन बघतो. मग तिला आणू."

"अहो, वय काय, पोट काय!" काकू म्हणाल्या.

"म्हणून तर हेल्मेट घालतोय."

काका वरून पाय पुढं करून निघाले. वळणावर हेल्मेट वरच्या बाजूला बसलं, गुडघ्याचे पट्टे खालच्या बाजूला, आणि हात अंगाशी आवळले गेले. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली, हात मांडीपाशी. मधे सगळं पोट.

"काय हो, दिसतंय का काही?" खालून काकूंनी विचारलं.

"अडकलोय," नळी म्हणाली.

काकूंनी वॉचमनला बोलावलं. साबणाच्या पाण्यानं अंगठी सुटते, तर माणूस का सुटू नये, असा विचार करून त्यानं वरून बादली ओतली. पाणी काकांच्या नाकातोंडात गेलं आणि फेस खालून बाहेर आला.

"साहेब, सुटलात का?"

"बुडतोय!"

मग अध्यक्ष आले. ते निवृत्त मुख्याध्यापक. शिडी चढून त्यांनी झाडूच्या दांड्यानं हेल्मेटवर टकटक केली. "सेक्रेटरी, ढकलू का?"

"अध्यक्ष, मान मोडेल! मानेचे दावे मी पाहिलेत!"

"मग पाटी वाचा. 'झालेल्या इजेस संस्था जबाबदार नाही.' अक्षर तुमचंच आहे."

एवढं बोलून अध्यक्ष उतरायला वळले, तर गंजलेली पायरी एका बाजूनं निखळली आणि ते बुडावर आपटले. घोटा टम्म सुजला. आता शिडीजवळ जायची कुणाची छाती होईना. अग्निशमन दलाला फोन गेला. "नळी कापावी लागेल, येतो," असं उत्तर आलं. फाटक उघडं बघून आसपासची पोरं गोळा झाली आणि शहाण्यासारखी रांग लावून उभी राहिली.

"काका, लवकर उतरा ना! आमचा नंबर आहे."

नळीच्या आत मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. अंधार होता. छाती पुरती फुगत नव्हती. बाहेर सगळे एकदम बोलत होते: पोट आत घ्या, जोर लावा, घाबरू नका. काकांना जोर लावता येत नव्हता, आणि ते कुणाला पटत नव्हतं.

तेवढ्यात डोक्यामागचा उजेड झाकला गेला.

"बाबा."

हा आवाज काकांनी दाराबाहेर ऐकून किती दिवस झाले होते.

"तू? शिडी चढू नकोस, पायरी..."

"ती कायमच हलायची. आम्ही कडेला पाय द्यायचो." ती नळीच्या तोंडात पालथी पडली. "आत कसं वाटतंय?"

काका खोटं बोलणार होते. पण साबण डोळ्यांत गेलेला असताना खोटं सुचत नाही.

"हलता येत नाही गं. आणि सगळे म्हणतात, जोर लाव."



"हं," ती म्हणाली. "तस्संच."

मग तिचे हात खाली आले. गार, बारीक झालेले. त्यांनी हनुवटीखालचा पट्टा चाचपून सोडवला. हेल्मेट खड्‌कन निघालं आणि मान मोकळी झाली. आता नुसते गुडघे सैल सोडले, की सुटका.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. कुणीतरी खणखणीत विचारलं, "अजून अडकलेत का?"

"हो! पक्का अडकलोय!" काका ओरडले. "सावकाश येऊ द्या, घाई नाही!"

"बाबा, पट्टा सुटलाय."

"माहितीये."

"मग उतरत का नाही?"

"मी उतरलो की तू परत खोलीत जाशील."

मग वर कपड्यांची सळसळ झाली, आणि काकांच्या दोन्ही खांद्यांवर दोन अनवाणी पाय टेकले.

"सोडा गुडघे. मागून मी येतेय."

एकामागून एक दोघांनी घसरण्याचे परिणाम काकांना तोंडपाठ होते. त्यांनी गुडघे सोडले.

काका फेसासकट जमिनीवर आले, आणि त्यांना बाजूला व्हायला वेळ मिळायच्या आत लेक त्यांच्या पाठीवर येऊन आदळली. कापायचं यंत्र हातात धरून जवान बघत राहिला. रांगेतली पोरं शिडीकडे धावली, तशी लेक फेसातूनच ओरडली, "कडेला पाय द्या रे!"

सोमवारी ती खोलीतच होती. मंगळवारी थोडा वेळ खाली आली. गज अजून आहेत. काका ते रोज हलवून बघतात. पण पायरी नवी बसली, साखळ्या परत आल्या.

काकांच्या बरगडीला चीर गेली होती. कंपनीतल्या जुन्या सहकाऱ्यानं आपुलकीनं फोन केला. "दावा टाका साहेब, मी लगेच मंजूर करतो. इजा कशी झाली, एवढंच सांगा."

"खेळताना," धोकाकाका म्हणाले, आणि दावा काही त्यांनी केला नाही.