आप्पांना न मानवलेला ब्रेक

मेकॅनिकने सांगितलेला खर्च पुढच्या महिन्यावर ढकलायचा, एवढाच निर्णय मी घेतला होता. (माझे सगळे निर्णय सुरुवातीला असेच गरीब दिसतात.)

गाडी जुनी फियाट. शकुंतला, म्हणजे आमची ही, नको नको म्हणत असताना मी ती समुद्रकाठच्या डुमसच्या एका गृहस्थाकडून घेतली. समुद्राची हवा माणसाला चांगली असते, गाडीला नसते, हे मला भेस्तानच्या मेकॅनिकने, जयंतीभाईंनी, गाडीखाली झोपून सांगितलं.

"साहेब, आ ब्रेकनी पाइपो नथी, चाळणी छे! बधी बदलवी पडशे."

सगळ्या नळ्या बदलायचा आकडा ऐकून मलाही त्यांच्या शेजारी आडवं व्हावंसं वाटलं. अर्धा पगार! चाचरत विचारलं, "आणि नाही बदलल्या तर?"

"तेल भरी आपुं छुं. त्रण वार दबावशो तो लागशे. पण धीमे चलावजो!" म्हणजे तीनदा दाबला तरच ब्रेक लागणार, आणि गाडी हळू हाकायची.

नेमके त्याच संध्याकाळी अमळनेरहून माझे सासरे, आप्पा, यायचे होते. सासूबाई गेल्यापासून ते तिथे एकटेच राहतात. गेल्या खेपेला मी त्यांना स्कूटरवरून असं काही फिरवलं, की पिशवी उचलून ते दुसऱ्याच दिवशी परत गेले. मी स्टेशनवर निघालो तेव्हा शकू म्हणाली, "अहो, या वेळी आप्पा राहिले पाहिजेत. ते तिथे एकटे असले की मला घास गोड लागत नाही."

यावर ब्रेकची गोष्ट कोणत्या तोंडाने काढणार?

स्टेशनपासून उधन्याच्या आमच्या घरापर्यंत मी बैलगाडीच्या चालीने आलो. लांब कुठे सायकल दिसली की आधी पायाचा ब्रेक तीनदा, मग हँडब्रेक, मग देवाचं नाव. हातगाडीवालेसुद्धा आम्हाला मागे टाकत होते. मला दरदरून घाम फुटलेला, आणि शेजारी आप्पा चक्क गुणगुणत होते.

"शकू," घरात पाऊल टाकताच ते म्हणाले, "जावईबापू फार सुधारले गं! काय सांभाळून चालवतात! धक्का म्हणून नाही."

शकूने माझ्याकडे जसं कौतुकाने पाहिलं, तसं लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

आठवडाभर मी आप्पांना हिंडवत होतो आणि माझं वजन उतरत होतं. झोपेतसुद्धा माझा उजवा पाय तीनदा आपटायचा. (शकूने मला जंतांचं औषध दिलं.) एका सकाळी आप्पा चहा पिताना म्हणाले, "आता दिवाळीपर्यंत राहतोच. जावईबापू, रविवारी सापुताऱ्याला नेता का?"

सापुतारा म्हणजे घाट! मी चहा अर्धा टाकून उठलो.

मी नोकरीला असलेल्या बँकेतून सणाची उचल घेतली आणि थेट जयंतीभाईंना गाठलं. संध्याकाळी त्यांनी गंजक्या नळ्यांची मोळीच माझ्यापुढे टाकली. "एक खोली, तो बीजी बे हाथमां आवी गई!" एक सोडवायला गेले तर आणखी दोन हातात आल्या, मग साहजिकच आकडाही वाढला. फराळाचं सामान, शकूची साडी, सगळं गाडीच्या पोटात गेलं. ब्रेक मात्र असा झाला, की नुसतं बोट टेकवलं तरी गाडी थांबावी.

रविवारी निघालो. आप्पा पुढे, शकू डबे घेऊन मागे. कधी नव्हे तो मी निर्धास्त होतो, त्यामुळे गाडी जरा जोरात होती. भेस्तान आलं आणि साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेला एक टेम्पो आडवा घुसला. मी सवयीने ब्रेक दाबला. तीनदा. पहिल्या वेळी आप्पांची टोपी गेली, दुसऱ्या वेळी चष्मा, आणि तिसऱ्या वेळी त्यांची कवळी माझ्या मांडीवर येऊन बसली. मागून दशम्यांचा डबा मानेवर आला तो वेगळाच.

"थांबवा!" आप्पा ओरडले. (थांबलेलीच होती.) त्यांनी एकेक वस्तू गोळा केली, कवळी बसवली आणि म्हणाले, "पहिले काय छान चालवत होते! शकू, मी अमळनेरला जातो."

शकूचे डोळे भरले. तिच्या बापाला आठवडाभर बिनब्रेकचा फिरवला, हे कसं सांगू? आप्पा सामान घ्यायला घराकडे निघाले, तेही रिक्षाने. मी रिकामी गाडी घेऊन मागोमाग पोचलो. शकू आधीच डबे सावरत फाटकाशी उभी होती, कारण तीही रिक्षातच बसली होती.

आप्पा उतरले ते प्रसन्न चेहऱ्याने. "शकू, मी राहतो. पण हिंडायचं ते याच रिक्षाने! बिचाऱ्या रिक्षावाल्याचा ब्रेकसुद्धा लागत नाही, तरी बघ किती सांभाळून आणलं."

शकूने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बसा थोडे दिवस त्याच्या शेजारी. शिकाल काहीतरी."