चिमाबाईंनी चंद्राची जागा सोडिली ते वर्तमान

श्रीचंद्रमौळी समर्थ. शके एकोणीसशे एकावन्न, सौम्यनाम संवत्सरी, चंद्राचे मोहिमेत जे घडले ते ऐकिले पाहिले तैसे लिहितो. अधिकउणे असेल ते जाणत्यांनी सांभाळून घ्यावे.

थोरल्या राज्याचे महाराज यांचे चित्ती आले की आपली माणसे चंद्रास वळसा घालून यावीत. मग अग्निबाण सिद्ध करविला आणि माणसे बसावयाचे यानही केले, परंतु यानास हवा, पाणी आणि चाल देणारा कोठा त्यांस साधेना. ती विद्या दर्यापलीकडील धाकट्या राज्यास अवगत होती. मग उभयतांचा तह जाहला की धाकट्यांनी कोठा द्यावा आणि चौघे जातील त्यांत एक माणूस त्यांचे असावे. त्यांनी चिमाबाई शिरगावकर यांस नेमिले. बाई विमाने चालविण्यात नामांकित, वय पन्नाशीकडे झुकलेले, बोलणे थोडे. मोहिमेचे सरदार सुभानराव दळवी थोरल्या राज्याचे. त्यांचे हाताखाली बाईंनी कित्येक वर्षे मेहनत केली आणि उभयतांचा एकमेकांवर भरवसा बैसला.

आधी यान रिकामेच धाडिले. ते चंद्राकडून येऊन समुद्रात उतरले आणि नगरात साखर वाटिली. मग यान उचलून पाहिले तो तळाची ढाल, जी परतताना आगीपासून राखते, ती जागोजाग फुटून तुकडे गळाले होते. बाईंनी एका खळग्यात हात घातला तो मनगटापावेतो गेला.

मग ऐशाच ढालीवर माणसे धाडावी की कसे, याची मसलत बैसली. थोरल्या राज्याचे कारभारी गिरमाजीपंत बोलिले, “यान आतून शाबूत आले. ढाल जाड आहे. तिसरे एक राज्यही चंद्रावर टपून आहे. नवी ढाल करावी तर दोन वर्षे जातील.” आणि मोहिमेचा रिवाज ऐसा की चौघांपैकी एकानेही नको म्हटले तर कूच होत नाही. ते समयी बाईंच्या राज्याचे वकील त्यांस एकीकडे नेऊन बोलिले, “बाईसाहेब, आपण उगे राहावे. दोन वर्षांनी वैद्य तुम्हांस वयामुळे जाऊ देणार नाहीत, आणि ही जागा आपल्या राज्यास पुन्हा मिळेल ऐसे नाही.” बाईंनी ऐकून घेतले आणि आत येऊन सांगितले, “मी या ढालीवर जात नाही.” गिरमाजीपंत बोलिले, “तुमची जागा जाईल, हे ध्यानी आहे ना?” “आहे.” “मग?” बाई बोलिल्या, “जागा माझी एकटीची. ढालीवर चौघे बसणार.” मग सुभानराव म्हणाले, “माझेही नकोच लिहा. मी आधी बोलावयास हवे होते.”

ऐसे कूच राहिले. पुढे ते तिसरे राज्य आधी चंद्रास जाऊन आले, आणि थोरल्या महाराजांनी कष्टी होऊन नवा तह मांडिला, त्यात धाकट्यांची जागा काढून टाकिली. बाई घरी आल्या तेव्हा सामोरे कोणी गेले नाही. थोरले बंधू जेवताना बोलिले, “तुझ्यामुळे आपले निशाण वर गेले नाही, ऐसे लोक म्हणतात.” बाई बोलिल्या, “खरे म्हणतात,” आणि पानावरून उठल्या. मग धाकट्या राज्याच्या दरबारी ऐसे ठरू लागले की जागा नाही तर कोठाही नाही. तेव्हा बाई आपण होऊन दरबारी गेल्या आणि बोलिल्या, “राग माझाही आहे. जागा गेली तेव्हा मी रडले. परंतु कोठा अडविला तर त्यांची मोहीम बुडेल, आणि पुढे आपल्या लेकरांस बरोबर न्यावयास कोणी उरणार नाही.” दरबारी पुष्कळ बोलाचाली जाहली आणि अखेर कोठा दिला.

दोन वर्षांनी, विरोधकृतनाम संवत्सरी, नवी ढाल लावून यान निघाले. बाईंच्या जागी थोरल्यांचाच एक गडी गेला. चंद्रास वळसा जाहला, आणि परतताना वारे असे फिरले की यान धाकट्यांच्या समुद्रात उतरवावे लागले. आगीतून येताना यानातील माणसांचा आवाज खाली येईनासा जाहला. मग यान उतरविणाऱ्या छत्र्या आभाळी दिसल्या. यानापाशी तराफे नेणाऱ्यांत चिमाबाई होत्या. ते काम त्यांनी मागून घेतले होते. दार उघडले, सुभानरावांचे पाय ठरेनात, म्हणून बाईंनी त्यांस काखेत धरून खाली घेतले. ते बोलिले, “बाई, तिकडे काय पाहिले ते सांगावयाचे आहे.” बाई बोलिल्या, “सांगा. पण आधी पाणी प्या.” मग किनारा येईतो ते सांगत होते आणि बाई ऐकत होत्या.

नवी ढाल पाहिली ती काळवंडली होती, तुकडा गेला नव्हता. जुनी टिकती की न टिकती हे कोणास कळले नाही. चौघे जिवंत आले, तह मोडला नाही, चिमाबाई चंद्रास गेल्या नाहीत. वर्तमान इतुकेच.