जास्तीचा ‘चं’

खासगी रेडिओ केंद्रचालक महासंघाच्या धोरण सल्लागारांचं घरी कोणी ऐकत नसे. हा प्रश्न जुना होता आणि महासंघाच्या कार्यकक्षेत येत नव्हता. सल्लागार बोलायला लागले की बायको “हं” म्हणायची, मुलगी कानात इअरफोन खुपसायची आणि त्यांच्याकडेच राहणारे सासरे आपला रेडिओ मोठा करायचे. सासऱ्यांचं हे रेडिओप्रेम पाहून सल्लागारांना धंद्याच्या भवितव्याबद्दल फार बरं वाटे.

त्यांचं काम म्हणजे सरकारदरबारी रदबदली. प्रत्येक मोबाइलमध्ये रेडिओ सक्तीचा करावा ही महासंघाची मागणी मंत्री आले-गेले तरी लोंबकळतच होती. शेवटी अध्यक्षांनी त्यांना बोलावून सांगितलं, “या अधिवेशनात काम झालं तर तुम्ही उपाध्यक्ष. नाहीतर तुम्ही मोकळे.”

मोकळं होऊन घरी बसायचं, म्हणजे दिवसभर ते “हं” ऐकायचं. सल्लागार तडक मंत्रालयात उपसचिवांकडे गेले.

“मागणी रास्त आहे,” उपसचिव म्हणाले. “पण मला सांगा, हल्ली रेडिओ ऐकतं कोण?”

“असं कसं, साहेब? लोक रेडिओचं ऐकतात!”

म्हणायचं होतं ‘रेडिओ ऐकतात’. घाईत एक ‘चं’ जास्तीचा गेला. उपसचिवांनी चहाचा कप खाली ठेवला.

“रेडिओचं ऐकतात? आमचं तर कोणी ऐकत नाही हो.”

मागणी लगोलग मंजूर झाली. महासंघाने सल्लागारांना हार घातला. तो सुकायच्या आत दुसरा आदेश निघाला: ज्याअर्थी जनता रेडिओचे ऐकते, त्याअर्थी तिला काहीही सांगण्याची जबाबदारी यापुढे रेडिओची राहील. चौकातले वाहतूक पोलीस काढून घेतले गेले; ‘थांबा’ म्हणायचं काम निवेदिकांकडे आलं. खड्डे बुजवणं बंद झालं. ते चुकवायला रेडिओने सांगायचं होतं. गाड्या एकमेकींवर आदळल्या, माणसं खड्ड्यांत पडली आणि दर खेपेला केंद्रांकडून खुलासा मागवला गेला की सांगण्यात कसूर का झाली. एका निवेदिकेने ‘जपून जा’ हे हसत हसत म्हटलं, म्हणून तिची चौकशी लागली.

अध्यक्ष कडाडले, “तो ‘चं’ काढून आणा. नाहीतर त्याच्याऐवजी तुम्ही निघा.”

सल्लागार पुन्हा उपसचिवांकडे धावले. “काढू की,” उपसचिव म्हणाले. “पण मग ‘लोक रेडिओ ऐकतात’ एवढंच उरतं. त्याला पुरावा लागेल.”

“आणि ‘रेडिओचं ऐकतात’ याला नाही लागला?”

“तो शासनाचा विश्वास होता. विश्वासाला पुरावा कशाला? असं करा, ऐकणारा माणूस आणा. एकच पुरे.”

सल्लागारांचा जीव भांड्यात पडला. एकच माणूस हवा असेल तर तो घरात तयार होता. त्यांनी सासऱ्यांना रेडिओसकट आणून उपसचिवांसमोरच्या खुर्चीत बसवलं.

“आजोबा, दिवसभर रेडिओ ऐकता ना?”

“ऐकतो कसला! लावतो. लावला की जावईबापू बोलायचे थांबतात.”

सल्लागारांना हे फार लागलं. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. “बाबा, निदान माझ्या नोकरीसाठी तरी...”

“हं,” सासरे म्हणाले.

उपसचिव ताठ बसले. “हे छान आहे. ऐकल्याचा पुरावा म्हणून ‘हं’ ग्राह्य धरता येईल.”

त्यानंतर फोनमधला रेडिओ अधूनमधून विचारू लागला, “ऐकताय ना?” ‘हं’ न म्हणणाऱ्याचा फोन बंद पडे. त्यामुळे लोक हातातलं काम न थांबवता ‘हं’ म्हणू लागले आणि एकूण एक नागरिक श्रोता ठरला. ‘चं’ निघाला, केंद्रं जबाबदारीतून सुटली. आता खड्ड्यात पडणारा, ऐकूनही पडला म्हणून, स्वतःच्या जबाबदारीवर पडू लागला.

“अगं, मी उपाध्यक्ष झालो!” सल्लागारांनी संध्याकाळी दारातूनच सांगितलं.

“हं,” बायको म्हणाली.

ते हिरमुसून खुर्चीत बसले. खिशातल्या फोनने काहीतरी विचारलं. “हं,” तेही म्हणाले.

सकाळी दारात सरकारी फावडं आणि घमेलं होतं. त्यांनी उपसचिवांना फोन लावला.

“कालच सांगितलं की रेडिओवर, दोन गाण्यांच्या मधे. घरासमोरचा खड्डा ज्याने त्याने बुजवावा, मान्य असल्यास ‘हं’ म्हणावे. तुम्ही म्हणालात.”

“पण साहेब, मी ऐकलंच नाही!”

“कोण ऐकत नाही म्हणता, उपाध्यक्ष?”

सल्लागारांनी फावडं उचललं. बाहेर अख्खी गल्ली खड्ड्यात उतरली होती, आणि हे कुणाचं डोकं म्हणून एकमेकांवर ओरडत होती.

तुमच्याही दारात फावडं आलं, तर शेजाऱ्यावर संशय घेऊ नका. तुम्हाला रीतसर विचारलं होतं. आणि ही गोष्ट वाचतानाही मधे कुणीतरी काहीतरी विचारलं, तेव्हा मान वर न करता तुम्ही काय म्हणालात, ते जरा आठवून बघा.