सरांची पाचची वेळ

नवा थर्मोस्टॅट मधल्या खोलीच्या भिंतीवर बसवून फिटरनं हात पुसले आणि घरातल्या माणसांना एक साधा प्रश्न विचारला, "सकाळी उठता किती वाजता?" तोपर्यंत सगळं ठीक चाललं होतं.

"पाच," सर म्हणाले.

सर म्हणजे शाळेचे निवृत्त व्यायामशिक्षक. मुलं त्यांना शिट्टी सर म्हणायची. त्या मुलांची आता टकलं झाली, तरी सर रस्त्यात दिसले की ती आपोआप पोट आत ओढून उभी राहत. 'मी पहाटे पाचला उठून स्वतः शेगडी पेटवतो, आणि तुम्हाला वेळेवर शाळेत यायला होत नाही?' हे वाक्य सरांनी कवायतीच्या मैदानावर हयातभर ऐकवलं होतं. त्यात खोट एवढीच होती की सर पाचला उठत नसत. कधीच उठले नव्हते.

"म्हणजे बरोबर पाच ना काका? कारण हे कसं आहे, माणूस उठायच्या आधी घर गरम करतं, माणूस झोपला की कमी करतं. एकदा वेळा घातल्या की पुन्हा बघायला नको."

"पाचला मी अंगणात असतो," सरांनी भर घातली. ऐकायला नवा माणूस मिळाला की भर घातल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

"मीपण येणार आहे उद्यापासून बाबांबरोबर व्यायामाला," सूनबाई म्हणाली. ती वाचनालयात नोकरीला होती आणि दर थंडीत उद्यापासून व्यायाम सुरू करत असे.

"मला मेली थंडीच वाजत नाही. माझ्यासाठी काही घालू नका त्यात," सरांच्या बायकोनं अंगावरच्या दोन शाली सावरत सांगितलं.

मुलगा तेवढा यंत्राचं माहितीपत्रक वाचत होता. विम्याच्या कचेरीत मान मोडून काम करणारा, पन्नाशीला आलेला, जन्मात कशाचा हट्ट न धरलेला माणूस. पण हे यंत्र आणायचंच असा त्यानं हट्ट धरला होता. "पाचच घाला," तो फिटरला म्हणाला. येताजाता कुणी बटणं दाबू नयेत म्हणून त्यानं यंत्राला चार आकड्यांचं कुलूपही घातलं आणि ते आकडे स्वतःजवळ ठेवले.

रात्री अंथरुणावर पडल्यावर सरांना जुनी शेगडी आठवली. मधल्या खोलीत, आता यंत्र बसलं होतं त्याच भिंतीशी ती असे. लोखंडी, कोळशाची, धुराडं छतातून वर गेलेलं. सगळ्या घरात गरम अशी तेवढीच जागा, त्यामुळे गृहपाठ, वेणीफणी, हिशेब, पाहुण्यांची उणीदुणी, सगळं तिच्याभोवती चाले. नवराबायकोचं भांडण झालं तरी तरातरा उठून जायची सोय नव्हती, कारण बाकीचं घर गारठलेलं. फुगून बसायचं तेही शेजारी शेजारीच बसावं लागे, आणि फार वेळ तसं बसवत नसे. पुढे तळघरात बॉयलर आला, खोलीखोलीत गरम पाण्याचे रेडिएटर बसले. शेगडी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढली तेव्हा सर तिच्यामागे कोपऱ्यापर्यंत चालत गेले होते.

त्या दिवसांतल्या सकाळी तर सरांच्या फार जवळच्या. डोळे चोळत ते मधल्या खोलीत येत तेव्हा शेगडी रसरसलेली असे, तिच्या कठड्यावर त्यांचे मोजे उबेला घातलेले असत. मुलगा बाजूला बसून पाढे म्हणत असे. ते ऊनऊन मोजे पायांत चढवताना सर मनातल्या मनात बायकोचे आभार मानत. तिनं कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून त्यांनीही कधी विषय काढला नाही. मैदानावर मात्र सगळं श्रेय स्वतःच्या खात्यावर जमा करत. बॉयलर आल्यावर रात्री त्याचं पाणी सोडायचं चाक बंद करायचं आणि पहाटे उघडायचं हे कामही बायको बिनबोभाट करते, असंच ते समजत होते. गुडघे धरून ही तळघरात उतरत असेल, या विचारानं त्यांना वाईट वाटे. पण वाईट वाटायचं ते आठ वाजता जाग आल्यावर. आता यंत्र आलं, सुटली बिचारी, असं म्हणून सर कुशीवर वळले.

पहाटे पाच वाजता घरात कुणीतरी घणाचे घाव घालायला लागलं.

माणूस चाक फिरवतो ते हळूहळू. यंत्राला असली रीतभात ठाऊक नव्हती. त्यानं एकदम सगळं उघडून दिलं, आणि गार पाइपांत गरम पाणी घुसल्यावर पाइप ठणाठणा बोंबलू लागले. सर अंथरुणात ताडकन उठून बसले. दारातून मुलगा डोकावला.

"उठलात बाबा? छान," असं म्हणून तो जांभई देत पुन्हा झोपायला गेला.

"उठलाच आहात तर जा की अंगणात. आज ती स्नायूंची विश्रांती नको," बायको म्हणाली. व्यायामाआधी स्नायूंना तीन तास विश्रांती लागते, असं सरांनी तिला फार पूर्वी पटवून ठेवलं होतं. पण बाहेर सूनबाई बूट चढवून उभी होती, आणि तिला ते पटवायला सर अजून पुरते जागे झाले नव्हते.

काळोखात, दातावर दात वाजत असताना, दोघांनी हात वरखाली करायला सुरुवात केली.

"बाबा, दमला असाल तर थांबू या," थोड्या वेळानं सूनबाई म्हणाली.

"मी? मी दमत नसतो. तू दमलीस तर थांबू."

"छे! मला तर आत्ता कुठं बरं वाटायला लागलंय."

त्यामुळे थांबायचं कुणी हा प्रश्न तसाच राहिला आणि दूधवाला येईपर्यंत दोघं उड्या मारत राहिले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. सूनबाई वाचनालयात पुस्तकावर शिक्का मारता मारता झोपली. सर न्हाव्याच्या खुर्चीत एक गाल झाल्यावर असे गाढ झोपले की न्हाव्यानं मधल्या वेळात दोन गिऱ्हाइकं उरकली. मुलगा मात्र टवटवीत दिसत होता. जेवताना चक्क गाणं गुणगुणत होता.

यंत्राची वेळ बदलायची तर मुलाकडे आकडे मागायला हवेत, आणि कशाला हवेत तेही सांगायला हवं. ते सरांना जमणारं नव्हतं. गाव आपल्याला काय म्हणतं याची त्यांनी फारशी फिकीर केली नसती. पण आपला बाप पाचला उठतो असं समजून वाढलेला हा एक मुलगा होता, आणि एवढी वर्षं त्याच्या डोळ्यांत जी काही किंमत होती ती या वयात घालवायची सरांची तयारी नव्हती.

मग त्यांनी डोकं लढवलं. यंत्राला घर गार वाटलं की ते बॉयलर पेटवतं. त्याला घर गरमच आहे असं वाटलं तर? चौथ्या रात्री सगळे झोपल्यावर सरांनी कपाटातून गरम पाण्याची रबरी पिशवी काढली, काठोकाठ भरली आणि सर्दी झालेल्या पोराला गुंडाळावं तसं मफलरनं यंत्राला गुंडाळून ती वर बांधून टाकली. पिशवी शेगडीच्या काळातली होती. रबर आता बऱ्याच ठिकाणी तडकलं होतं, पण अंधारात ते कळलं नाही.

पाच वाजता ठणठणाट झाला नाही, कारण तो त्याआधीच, सगळे गाढ झोपेत असताना, होऊन गेला होता. पिशवीतलं पाणी थेंबाथेंबानं यंत्राच्या पोटात उतरलं, यंत्राचा तोल गेला आणि त्यानं बॉयलर जो पेटवला तो विझवायचं नाव घेईना. सर जागे झाले तेव्हा घामानं उशी भिजली होती. मुलगा तळघरात धावला. पण चाकावर आता यंत्राची मोटर बसली होती, ती हाताला दाद देईना. बाहेर कडाक्याची थंडी आणि घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या. मुलगा बनियनवर, सूनबाई मासिकानं वारा घेतेय, असा सगळा देखावा.

"थंडी वाजत नाही म्हणाले होते मी," दोन्ही शाली बाजूला टाकत बायको म्हणाली, "म्हणून काय शिजवून काढायचं?"

फिटर आला, त्यानं आधी बॉयलर बंद केला आणि मग यंत्राचं झाकण उघडलं. त्याच्या बुटांवर पाणी सांडलं.

"काका, यात पाणी कुठून आलं?"

"छत गळत असेल," सर म्हणाले. ओला मफलर अजून यंत्राच्या गळ्यात लोंबत होता, तिकडे ते बघत नव्हते.

फिटरनं वर बघितलं, मग मफलरकडे बघितलं, मग सरांकडे. भला माणूस होता, पुढे काही विचारलं नाही. "नवीन मागवावं लागेल. तोवर मोटर काढून देतो, चाक पहिल्यासारखं हातानं फिरवा. आणि या खेपेला मला खऱ्या वेळा सांगा. डॉक्टरला आणि मला लोक कधी खरं सांगत नाहीत."

यावर सरांची बायको उसळली. "खरं सांगत नाहीत म्हणजे? ह्यांची पाचची वेळ सगळ्या गावाला ठाऊक आहे! सासूबाई गेल्या तेव्हापासून मी बघतेय. मी उठायच्या आत शेगडी पेटलेली असायची. पेटवून मग जरा पडायचे, ते वेगळं. पण पेटवायचे तेच. बॉयलर आल्यावर चाकसुद्धा तेच उघडतात. एक दिवस खंड नाही!"

सर गर्रकन तिच्याकडे वळले. "म्हणजे? शेगडी तू नव्हतीस पेटवत?"

शब्द बाहेर पडल्यावर आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं.

"मी?" बायको म्हणाली. "मी कशाला पेटवू? तुम्ही नव्हता पेटवत?"

फिटर आपल्या हत्यारांच्या पेटीवर बसला. "चालू द्या," तो म्हणाला, "मला काही घाई नाही."

सूनबाईनं नवऱ्याकडे वळून बघितलं. तो यंत्राच्या माहितीपत्रकाचं शेवटचं पान मन लावून वाचत होता. त्या पानावर नुसता कारखान्याचा पत्ता होता.

"अहो," ती सावकाश म्हणाली, "तुम्ही रोज पहाटे पाणी प्यायला उठायचात ते... अरे देवा! आणि मी दोनदा तुमची साखर तपासून आणली!"

मुलानं माहितीपत्रक खाली ठेवलं. पन्नाशीचा माणूस, पण सरांना तो त्या क्षणी पाढे चुकलेल्या पोरासारखा दिसला.

"आजी पेटवायची तोवर प्रश्न नव्हता," तो म्हणाला. "तिनंच मला शिकवलं होतं, कोळसे कसे रचायचे ते. ती गेली आणि बाबा मैदानावर तसंच सांगत राहिले, मी पाचला उठून शेगडी पेटवतो. मी पहिल्या रांगेत उभा असायचो ना. सारखी धास्ती वाटायची. एखादा पोरगा सकाळी घरी आला आणि त्याला शेगडी विझलेली दिसली तर? बाबांना हसतील सगळे. म्हणून पेटवून ठेवायचो."

"आणि मोजे?" सरांनी विचारलं.

"मोजे पण. एवढी शेगडी पेटलीय तर ठेवू या म्हटलं. मग ती सवयच लागली. बॉयलर आल्यावर चाक. पाइप वाजू नयेत म्हणून अगदी बेताबेतानं उघडायचं. आता गुडघे बोलायला लागलेत, म्हटलं, एक यंत्र घेऊ आणि मनसोक्त झोपू." तो ओशाळं हसला. "तीन दिवस काय झोप लागली बाबा! शप्पथ सांगतो, अशी झोप जन्मात लागली नव्हती."

जन्मभर मनातल्या मनात मानलेले ते सगळे आभार चुकीच्या पत्त्यावर गेले होते, आणि ज्याला मिळायला हवे होते तो तेव्हाचा दहा वर्षांचा पोरगा आता समोर बनियनवर उभा होता, कानांपाशी पांढरा झालेला. सरांनी पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. बायकोनं दोन्ही शाली पुन्हा ओढून घेतल्या आणि उगाचच नाक पुसलं.

"मग नव्या यंत्रात किती घालू?" फिटरनं दबकत विचारलं.

"आठ!" सर कवायतीच्या आवाजात म्हणाले. सूनबाईचा जीव भांड्यात पडला.

"ते येईपर्यंत चाकाचं मी बघतो," मुलगा सवयीनं बोलून गेला.

दुसऱ्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा, सर आपणहून पहाटे पाचला उठले. खरं तर झोप लागली तर वेळ चुकेल या भीतीनं ते रात्रभर जागेच होते. अनवाणीच तळघरात उतरले. चाक गारठलेलं होतं. त्यांनी ते एवढंसं फिरवलं, कान देऊन ऐकलं, मग आणखी एवढंसं. एकही पाइप वाजला नाही. वर येताना मुलाच्या दाराशी ते जरा थांबले. आतून घोरणं ऐकू येत होतं, चढ-उतारासकट थेट सरांच्या वळणाचं. मग आपल्या अंथरुणात शिरून त्यांनी पांघरूण डोक्यावरून घेतलं.

आठ वाजता मुलगा विस्कटलेल्या केसांनी मधल्या खोलीत धावत आला. "मला जागच आली नाही! घर गरम कसं? चाक कुणी उघडलं?"

सर दारात येऊन मोठी जांभई देत उभे होते.

"मला काय ठाऊक? मी हा आत्ता उठतोय," ते म्हणाले.

"शोभतं का या वयात आठ वाजेपर्यंत लोळत पडणं!" आतून बायको म्हणाली. सरांनी ते सगळं बोलणं खालमानेनं ऐकून घेतलं आणि मुलाला शेजारी बसवून चहा मागवला.