बिसेनभाऊंचे ऐकलेले रस्ते

फुलचूरला आमच्या समोर राहणारे बिसेनभाऊ भर रस्त्यात सायकल थांबवायचे, खाली उतरायचे, डोळे मिटायचे आणि हाताची बोटं मोजत उभे राहायचे. पाच मिनिटं, कधी दहा. नवीन माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याला चक्कर आली. एकदा एका बाईनं धावत येऊन त्यांच्या तोंडावर तांब्याभर पाणी मारलं होतं. भाऊ असे भडकले!

"वो बाई, कायले भिजवून राहिल्या? मी रस्ता ऐकून राहिलो नं!"

आता रस्ता बघतात, ओलांडतात, चुकतात. ऐकतं कोण? पण भाऊंची परीक्षाच ती. डोळे मिटायचे आणि गाड्या मोजायच्या. एका हाताची बोटं पुरली तर रस्ता पास. दुसरा हात काढावा लागला की नापास. तिरोड्याचा डांबरी रस्ता त्यांनी कधीचाच नापास करून टाकला होता. "त्या रस्त्यानं मानूस नाई जात, वयनी. सामान जाते."

पाटबंधाऱ्याच्या नोकरीतून ते नव्याण्णव साली निवृत्त झाले. जन्मभर नहरीच्या, म्हणजे कालव्याच्या, पाळीवरून सायकल हाकत पाणी सोडायचं आणि अडवायचं काम केलेलं, त्यामुळे सगळ्या आडवाटा पाठ. नदीकाठचा कच्चा रस्ता म्हणू नका, टेकडीला वळसा घालून जाणारी बैलगाडीची वाट म्हणू नका. मी अंगणवाडीची बाई, मलाही सायकल चालवावी लागायची, म्हणून मला वाटलं, यांच्याकडून शिकून घ्यावं काही. तीच चूक झाली.

दवनीवाड्याला एक लग्न होतं. मी सहज रस्ता विचारला. भाऊंनी पत्रिकेच्या मागेच लिहून दिलं: पहिला हातपंप सोडा, पाणी लोखंडी लागते. दुसरा गोड. पुढे काळा कुत्रा भुंकेल, मनाने चांगला आहे, थांबू नका. मग मोहाचं झाड येईल, तिथे दोन मिनिटं बसा. कायले बसा, ते लिहिलं नव्हतं. आम्ही नवराबायको बसलो बापडे. पोचलो तेव्हा नवरी मुलगी उलट आम्हालाच विचारत होती, "काकू, जेवल्या का?" वरण संपलं होतं. भात होता.

दुसऱ्या दिवशी भाऊ दारात हजर. जेवणाचं नाही विचारलं. "किती गाड्या भेटल्या?"

"एकही नाही."

"पाहा!" म्हणाले आणि असे खूश झाले, जशी काही मुलगी त्यांचीच दिली होती.

सायकलच्या दुकानातून त्यांनी एक जुनं कॅलेंडर आणलं होतं. तारखा कापून नुसतं चित्र भिंतीला लावलं. हिरव्या टेकड्या, खाली नदी, वळणावळणाचा रस्ता आणि त्यावर एकटाच सायकलवाला. खाली लिहिलं होतं, स्पेन.

"वयनी, हा आपला बोदलकशाचा उतार!"

"अहो भाऊ, खाली स्पेन लिहिलंय."

"लिहिनाऱ्याचं काय जाते!" मग चित्राजवळ नाक नेऊन बघत बसले. "रस्ता पास आहे. पन या पोराले पानी कोठं भेटन? हातपंप काई दिसून नाई राहिला." दोन-तीन वर्षं त्यांना त्या पोराच्या पाण्याची काळजी होती. त्यांची बायको कमलाबाई एकदा चिडून म्हणाली, "जेवालेच बोलावा नं मंग त्याले!"

असे आमचे भाऊ. आम्ही सगळे हसायचो. मीही हसायची, खोटं कशाला सांगू.

मग दोन हजार दहाच्या आसपास ते महिन्यातून दहा-दहा दिवस गायब व्हायला लागले. पासष्टी ओलांडलेला माणूस! कमलाबाईला विचारलं तर कपाळाला हात लावायची. "गेले बहिनीकडे. तिकडले रस्ते ऐकाले."

बोदलकशाकडे बहीण दिलेली आहे एवढं मला माहीत होतं. माझं माहेर त्याच बाजूला, जरा अलीकडे. त्या वर्षी दिवाळीनंतर मी मंडईसाठी माहेरी गेले. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, पाहुण्यांनी घरं फुलतात, रात्री दंडारीचा नाच-तमाशा होतो. बाजाराच्या गावी मंडई होती, म्हणून मी भाचीची शाळेतली सायकल घेतली आणि आडवाटेनं निघाले. वाटेला फाटा फुटला तिथे पळसाच्या झाडावर पांढरा गोल. त्याला शेंदूर लावलेला, खाली अगरबत्ती. मी उतरून हात जोडले. पुढच्या फाट्याला पुन्हा तसाच गोल, तिथे नारळही फोडलेला. नवा देव दिसतो, मनात म्हटलं. पुन्हा हात जोडले.

तिसऱ्या झाडापाशी खुद्द बिसेनभाऊ उभे. हातात चुन्याचा डबा.

"अवो वयनी, तुमी बी? मी रस्त्याची खून करून राहिलो आन् हे लोक पूजा करून राहिले!"

शेजारी हिरव्या लुगड्यातली एक बाई सायकल धरून हसत होती. कॅरिअरला वांग्यांची टोपली. ती यशोदा, भाऊंची धाकटी बहीण. दहा वर्षांची असताना तापात कान गेले, ते गेलेच. नवरा गेल्यावर मळ्यातली भाजी ती सायकलवर बाजारात न्यायची. सायकल भाऊंनीच शिकवलेली.

भाऊ हळूच बोलले. खरं तर हळू बोलायचं काही कारण नव्हतं. "मांगून गाडी आली तर तिले समजत नाई, वयनी. म्हनून मी ऐकतो."

इतक्या वर्षांची ती बोटं तेव्हा मला कळली.

बाजाराच्या जुन्या रस्त्यावर रेतीचे ट्रक सुरू झाले होते. यशोदाच्या पुतण्यानं, दिराच्या मुलानं, काकूच्या सायकलला कुलूप घातलं होतं, तिच्याच जिवासाठी. पण बाजारात यशोदाच्या सगळ्या मैत्रिणी, तिच्याशी हातवारे करून बोलणाऱ्या. घरात कोण बोलतंय तिच्याशी? भाऊंनी त्या दहा-दहा दिवसांच्या फेऱ्यांत महिनाभर हिंडून ही नवी वाट ऐकली, फाट्याफाट्याला चुना लावला आणि पुतण्याशी ठरवलं: आजच्यापुरतं कुलूप काढायचं, वाटेत एकही गाडी भेटली नाही तर कुलपाची चावी तिची. पुतण्या मंडईत वाट बघत होता.

आम्ही तिघं निघालो. यशोदा पुढे, मागे भाऊ, शेवटी मी. आणि मग मागून धडधड आली. भाऊंनी महिनाभर वाट ऐकली, पण मंडईच्या दिवशी पाहुण्यांचे ट्रॅक्टर बांधाबांधानं निघतात, हे जन्मभर झाडीत राहिलेला माणूस विसरला!

मी कडेला झाले. भाऊ झाले नाहीत. वाटेच्या मधोमध सायकल घेतली आणि बैलगाडीच्या चालीनं चालवू लागले. ड्रायव्हर ओरडला, "ओ बुढऊ, साइड दे! मरना है क्या?" ट्रॉलीतल्या बायांनी तर सात पिढ्या काढल्या. भाऊंनी मान वळवली नाही. पुढे यशोदा एक हात सोडून कडेच्या धानाच्या लोंब्यांवरून फिरवत चालली होती, तिला मागचं काही नाही. गावाची शीव आली, ती डावीकडे वळून दिसेनाशी झाली, तेव्हा भाऊ बाजूला झाले. ट्रॅक्टर शिव्या देत सरळ निघून गेला.

मंडईच्या तोंडाशी पुतण्यानं भाऊंना विचारलं, "मामाजी, भेटली का कोनती गाडी?"

भाऊ माझ्याकडे बघू लागले. खोटं बोलणं त्यांना जमायचं नाही. मंडई वर्षातून एकदाच, उद्यापासून ती वाट रिकामीच असणार होती.

"मी होते नं मागं," मी म्हटलं. "तिला तर कोणी नाही भेटलं, बाप्पा."

पुतण्यानं चावी काढून काकूच्या हातावर ठेवली. यशोदानं ती पदराच्या टोकाला बांधली आणि भावाकडे वळून, बहिरी माणसं बोलतात तशी, सगळ्या मंडईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "दादा, म्हातारा झाला तू! किती मांगं राहिला!"

भाऊंनी मान हलवली, हो म्हणून, आणि धाप लपवायला सायकलची साखळी बघत खाली बसले.